पाऊणपट

तंबू चौघांचा आणि माणसं पाच, त्यामुळे घरातून निघायच्या आधीच हिशेब चुकलेला होता. सासूबाईंनी तो एका वाक्यात मिटवला. "मी गाडीत झोपेन, मला काय धाड भरलीय?"

खरं तर त्या येणारच नव्हत्या. जानेवारीच्या शेवटी आठवडाभर रजा काढायची, पुण्याहून ताम्हिणीतून खाली उतरायचं, हरिहरेश्वरला समुद्र गाठायचा आणि तिथून त्याला उजव्या हाताला धरून जमेल तितकं दक्षिणेला जायचं, असा आमचा बेत होता. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग नकाशावर अखंड दिसतो. प्रत्यक्षात मध्ये खाड्या आहेत. काहींवर पूल झालेत, काहींवर नाहीत, आणि जिथे नाहीत तिथे गाडी बोटीत घालावी लागते. हॉटेलात राहायचं नाही, रोज तंबू ठोकायचा. हे सगळं मी जेवताना सांगत होते. दाभोळचं नाव आलं तशा आई म्हणाल्या, "दाभोळची तर अजून चालते?" तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. त्यांचं माहेर हेदवीच्या बाजूचं. लग्न होऊन पुण्याला आल्या त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांची कापडी पिशवी भरून दाराशी तयार, आणि भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून गायब.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, कारण निम्मं फुकट नेलं. घडीच्या चार खुर्च्या नेल्या, त्या एकदाही उघडल्या नाहीत. वीस लिटरचा पाण्याचा कॅन, छोटी गॅसची शेगडी, दोन सतरंज्या, डोक्याला बांधायची बॅटरी आणि आईंची विळी एवढ्यावर सगळा प्रवास झाला असता. विळीला मी घरी नाक मुरडलं होतं. रोज संध्याकाळी तीच लागली.

हरिहरेश्वरला पोचेपर्यंत साडेपाच वाजले. देवळामागच्या खडकांवरून समुद्राच्या कडेकडेने जो प्रदक्षिणेचा मार्ग जातो, तो मुलांना लगेच बघायचा होता. पायऱ्या उतरून जायचं, लाटांनी खाल्लेले खडक बघत फिरून यायचं, तासाभराचं काम. नवऱ्याने मोबाईल काढला. आईंनी पिशवीतून कालनिर्णय काढलं.

"आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला पूर्ण भरेल. आत्ता पाणी चढतंय, आत्ता नाही जायचं."

मुलांनी आ वासला. लेक सातवीत आहे, तिने लगेच विचारलं की पाऊणपट का. कोकणातल्या घराघरांत असलेला हा हिशेब आईंनी तिला वाळूत बोटाने लिहून दाखवला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. सकाळीही आणि रात्रीही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुन्हा प्रतिपदेपासून पहिल्यापासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज पाऊण तास पुढे. चंद्र रोज साधारण तितकाच उशिरा उगवतो, म्हणून हे जमतं. नवऱ्याच्या मोबाईलमधल्या भरती-ओहोटीच्या ॲपने सात वाजून बावीस मिनिटं दाखवली. आठ मिनिटांचा फरक. त्या क्षणी ॲपची सद्दी संपली, आणि पुढचे चार दिवस ते कोणी उघडलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या रात्री आम्ही किनाऱ्यामागच्या एका वाडीत जागा मागितली. तंबूचे दोनशे रुपये, जेवण हवं असेल तर वेगळं. वाडीच्या मालकांनी आमचा तंबू बघितला, वर बघितलं आणि म्हणाले, "इथे नको." वर माड होता. हे आम्हाला सुचायला हवं होतं, पण आमच्या डोळ्यांना माड म्हणजे चित्रातलं झाड. नारळ पडतो, आणि नारळापेक्षा जास्त वेळा अख्खी झावळ पडते, देठाकडून, आणि तिचं वजन उचलून बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्या धाकट्याने उचलून बघितली. उचलली नाही. मग मालकांनी एक मोकळी जागा दाखवली. ती मोकळी कशी राहिली हेही सांगितलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या याच पट्ट्यात जमिनीवर आलं, तेव्हा तिथल्या पोफळी एका दुपारी गेल्या. नव्या लावल्यात, पण पोफळीला फळ धरायला वर्षं जातात. आमचा तंबू त्या पोफळींच्या जागेवर उभा राहिला.

उभा राहिला म्हणजे लगेच नाही राहिला. तंबूबरोबर आलेल्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. ठोकली की बसते, ओढली की लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर. मालकांचा मुलगा थोडा वेळ आमची मजा बघत राहिला, मग नारळाची सोडणं घेऊन आला. एका सोडणाच्या पोटाला दोरी बांधायची, हातभर खोल खड्डा करायचा, सोडण आडवं टाकायचं, वाळू लोटायची, पायाने दाबायची. वरून दोरी ताणली तर सोडण वाळूत आडवं अडतं. नवऱ्याने लोंबकळून बघितलं, हललं नाही. पुढचे सगळे दिवस आम्ही त्या सहा सोडणांचं गाठोडं डिकीत घालून फिरलो. अजून आहे ते, आता टेरेसवर.

सकाळी तंबू आतून ओला. पाऊस नाही, काही नाही. बाहेरून दव आणि आतून आमचेच श्वास. समुद्राकाठचं दव खारट असतं आणि वाळलं तरी कापड चिकट राहतं. दारं-खिडक्या मिटून झोपायची पुण्याची सवय तिथे उपयोगाची नाही. जाळी लावायची आणि सगळं उघडं टाकायचं. संध्याकाळपर्यंत समुद्राकडून वारा असतो, रात्री तो पडतो आणि पहाटे जमिनीकडून सुटतो. शाळेच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे. पहाटे चारला मतलई वारा पाठीत शिरतो तेव्हा ते नाव पक्कं लक्षात राहतं. आईंनी गाडीत एक रात्र काढली आणि सकाळी जाहीर केलं की गाडीत डास आहेत आणि काच लावली की जीव घुसमटतो. दुसऱ्या रात्रीपासून नवरा गाडीत गेला.

प्रदक्षिणेसाठी आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत थांबलो. एकादशी होती, म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती, दोन-सव्वादोनला ओहोटी. खडक उघडे पडले होते. लाटांनी त्यांत मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडली आहे. आई वरच पायरीवर बसल्या. मी वेळ दिली, पाय द्यायचं बोलले नव्हते, म्हणाल्या.

बागमांडला ते वेश्वी ही पहिली खाडी, सावित्रीची. मग वेळास. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन ती राखायचं काम सुरू केलं, हे मुलांना माहीत होतं. पिल्लं बघायला मिळणार म्हणून दोघंही गाडीत उड्या मारत होते. मिळाली जाळीच्या कुंपणातली वाळू आणि तारखांच्या पाट्या. अंडी फुटायला पन्नासएक दिवस लागतात. जानेवारीत पिल्लं कुठून येणार? धाकटा रुसला. त्याला आईंनी उपासाचा राजगिऱ्याचा लाडू दिला, तेव्हा गाडी पुढे निघाली.

त्या संध्याकाळी आंजर्ल्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी तंबू लावत असताना गावचे पोलीस पाटील मोटारसायकलवरून आले. नावं, गाडीचा नंबर, कुठून आलात, किती दिवस. सगळं वहीत लिहून घेतलं. नवऱ्याच्या कपाळावर आठी आली. पण १९९३ साली स्फोटकं उतरली ती दिघी आणि शेखाडीला, म्हणजे आम्ही दुपारी निघालो त्याच तालुक्यात. या किनाऱ्यावर रात्री अनोळखी माणसं वाळूत काय करतायत हे कोणीतरी विचारायलाच हवं. विचारून झाल्यावर पाटील शेगडीवरच्या खिचडीकडे बघून म्हणाले, "काकू, साबुदाणा भिजला नाहीये." नव्हताच भिजला. दोन तासांत कसा भिजेल?

हर्णैला सकाळचा मासळीचा लिलाव बघितला, आमच्याकडे बर्फ नव्हता म्हणून घेतलं काहीच नाही. सुवर्णदुर्ग लांबूनच बघितला. खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष दाभोळकडे होतं, कारण आई सकाळपासून गप्प होत्या आणि त्या गप्प असल्या की घर गप्प होतं.

दाभोळ आणि धोपावे यांच्या मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. रस्त्याने गुहागर गाठायचं तर खेड-चिपळूणला वळसा, शंभर किलोमीटरच्या वर. बोटीने दहा-पंधरा मिनिटं. २००३ पासून इथे गाड्या नेणारी फेरीबोट चालते, लोक तिला जंगलजेटी म्हणतात. त्याआधी माणसांसाठी होडी, त्याला तर म्हणायचे. धक्क्यावरच्या पोराने आमची गाडी उलटी चढवायला लावली. "येऊ दे, येऊ दे, डावीकडे तोडा, येऊ दे, बस!" नवऱ्याच्या शर्टाला घाम. मागच्या गाडीत आणि आमच्यात तळहाताएवढं अंतर. माणसं उतरून कठड्याशी गेली. आई गाडीतच बसून होत्या.

"आई, या ना बाहेर."

"किती वाजले?"

"तीन वाजून दहा."

"द्वादशी. नऊला भरती, तीनला ओहोटी. अगदी तळाला आहे पाणी." त्या खिडकीतून खाडीकडे बघत होत्या. "आणि ही निघाली?"

त्यांचं म्हणणं मला समजायला वेळ लागला. त्यांच्या लहानपणी त्यांचे वडील दाभोळला कामाला यायचे, ते तिथीवर. होडी कधी सुटेल, कधी गाळात बसेल, परत यायला कधी पाणी मिळेल, हे सगळं घरात सकाळी ठरायचं. कोणी उशिरा आलं तर 'पाणी चुकलं' म्हणायचे. आणि इथे ही लोखंडी बोट भर ओहोटीला, इंजिन लावून, गाड्या पोटात घालून सरळ निघाली होती. आईंना तो जवळजवळ अपमान वाटला. पलीकडे धोपाव्याला उतरेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सोय झाली हो लोकांची," आणि पाण्याची बाटली मागितली.

हेदवीच्या बाजूला आम्ही दोन रात्री राहिलो. त्यांचं माहेरचं घर केव्हाच विकलेलं. बघायला जायचं का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी भांड्यांचा विषय काढला. मग मी सोडून दिलं. त्यांना दाखवायची होती ती बामणघळ. हेदवीच्या किनाऱ्यावर काळ्या खडकाला उभी अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी त्या चिरेत शिरतं, आत कोंडतं आणि उसळून वर येतं. पण ते भरतीलाच. ओहोटीला गेलात तर खडकातली एक भेग, बस. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. आम्ही साडेनऊला पोचलो. पाच-दहा मिनिटं नुसताच घुमल्यासारखा आवाज येत राहिला. मग एक लाट आली ती आत गेली आणि दिसेनाशी झाली, आणि आमच्या पायाखालून कुठूनतरी ढोल वाजावा तसा दणका होऊन पांढरा खांब दोन पुरुष उंच उभा राहिला. धाकटा किंचाळला. लेकीने घड्याळ बघून वहीत लिहिलं: ९.४२. त्या वहीत तिने तोवर पंधरा तिथींचा तक्ता करून ठेवला होता. आई बाजूच्या बाईंना सांगत होत्या, "आमची नात हो."

इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं, आणि म्हणूनच पुढचं घडलं.

पाचव्या दिवशी तवसाळहून जयगडला बोटीने उतरलो. मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, सगळं गाडीच्या काचेतून. पूर्णगडाखालचा मुचकुंदीवरचा पूल ओलांडून पाचच्या सुमाराला गावखडीला आलो. लांबच लांब पुळण, मागे सुरूचं बन, आणि माणूस नाही. ओहोटी नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे वाळू एवढी की समुद्र ऐकू येत होता पण पोरांना तिथवर पळायला दम लागला. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या करून रांगोळ्या काढलेल्या.

सुरूच्या बनात तंबू लावू, असं नवरा म्हणाला. मी नाही म्हटलं. चार रात्री आपण लोकांच्या वाडीत झोपलोय, मी म्हटलं, त्यांच्या बाथरूमला जातोय, त्यांच्या कुत्र्यांना पोळ्या घालतोय. याला काय कॅम्पिंग म्हणायचं? एक रात्र तरी समुद्रासमोर, वाळूत. दोष कोणाचा यावर नंतर घरात बरीच चर्चा झाली, म्हणून लिहून ठेवते: आग्रह माझा होता.

काळजी घेतली नाही असं नाही. आईंनी कालनिर्णय बघितलं. चतुर्दशी, साडेदहाला भरती. मी आणि लेक वाळूवर फिरून रेघ शोधली. प्रत्येक भरती आपल्या पोचण्याच्या जागी कचरा टाकून जाते: शेवाळ, सुरूच्या काड्या, थर्माकोल, एकटी चप्पल. सकाळच्या भरतीची ताजी रेघ स्पष्ट होती, शेवाळ अजून ओलं. तिथून मी दहा पावलं वर मोजली आणि टाच रोवली. त्याच्याही वर, सुरूच्या जवळ, आणखी एक रेघ होती. सुकलेली. "ही पावसाळ्यातली असणार," मी म्हटलं. लेक म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "अगं, वाळलीय किती!" दिवसभराच्या उन्हात शेवाळ वाळतं, एवढं मला सुचू नये?

सोडणं पुरली, दोऱ्या ताणल्या. पिठलं-भात केला. चंद्र असा वर आला की बॅटरी लागेना. नवरा गाडी सुरूपलीकडच्या रस्त्याला लावून तिथेच झोपायला गेला. नऊच्या सुमाराला पाण्याचा आवाज जवळ आला तेव्हा आई म्हणाल्या, "साडेदहापर्यंत येईल आणि परत फिरेल." आम्ही झोपलो.

मला जाग आली ती आवाजाने नाही. पाठीखाली वाळू हलली. कोणीतरी अंथरूण हळूच ओढावं, तशी. मग पायाकडून गार. मी बॅटरी लावली तर तंबूच्या तळाचं कापड पाण्यावर तरंगत होतं, पाण्याच्या गादीसारखं, आणि त्या गादीवर धाकटा शांत झोपलेला. पाणी परत गेलं, कापड खाली बसलं. मग पुढची लाट. मी चेन उघडली आणि चांदण्यात बघितलं तर तंबूच्या मागे, सुरूच्या बाजूला, फेस होता. आम्ही समुद्रात होतो. घोट्याएवढ्या, पण समुद्रात.

लेकीने पहिलं काय केलं असेल तर घड्याळ बघितलं. "मम्मा, दहा अठ्ठावीस!"

पुढची दहा मिनिटं नीट सांगता येणार नाहीत. धाकट्याला खांद्यावर टाकला. आई एका हातात पिशवी, एका हातात विळी घेऊन बाहेर आल्या. विळी का, ते त्यांनाही माहीत नाही. नवऱ्याला फोन लागेना, रेंज नव्हती. लेक पळत जाऊन त्याला घेऊन आली. तंबू उचलायला गेलो तर तो जागचा हलेना. सोडणं पुरली होती ना, हातभर खोल. वरून आता ओली वाळू बसलेली. त्या पोराने शिकवलेली युक्ती इतकी पक्की होती की आम्हाला शेवटी दोऱ्या कापाव्या लागल्या. कशाने, ते सांगायला नको. विळी कामाला आली.

एक सतरंजी, शेगडी आणि माझी डावी चप्पल गेली. बाकी सगळं सुरूच्या बनात ओढलं. पावणेअकराला पाणी ओसरायला लागलं. जाताना त्याने शेवाळाची नवी रेघ मारली, ती माझ्या 'पावसाळ्यातल्या' रेघेच्या वर, दोन-तीन पावलं.

रात्रभर आम्ही गाडीत पाच जण बसून होतो. कोणी कोणाशी बोललं नाही. फक्त एकदा आई म्हणाल्या, "वेळ बरोबर होती." कोणी उत्तर दिलं नाही.

पहाटे, अजून अंधार असताना, किनाऱ्यावरून एक बॅटरी येताना दिसली. जमिनीकडे धरलेली, डावी-उजवीकडे फिरत. कासवमित्र होते. मादी रात्री वर येऊन गेली का, तिच्या खुणा शोधत रोज पहाटे चालतात. आमच्या वाळत घातलेल्या संसाराकडे त्यांनी बघितलं, मग वाळूतल्या कापलेल्या दोऱ्यांकडे. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"खाली लावलावतात काय?"

मी रेघेची गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली. "ती सकाळची रेघ ओ ताई. थंडीत रातचं पाणी मोठं. दिवसाचं बारीक. पावसाळ्यात उलटं. आणि पुनवेकडं रोज चढतं येतं ते." मग थोडं थांबून, "आणि इथे तंबू नको लावायला. कासवीण येते वर. दिवा दिसला, माणूस दिसला, की परत जाते बिचारी." हे मात्र मला लागलं. वेळासला कुंपणाबाहेर उभं राहून मुलांना हेच सांगितलं होतं मी, चार दिवसांपूर्वी.

ती वरची रेघ पावसाळ्यातली नव्हती, आदल्या रात्रीची होती. आणि पौर्णिमा जवळ येत होती, म्हणजे उधाण. पाणी उभं चार बोटं जास्त चढलं तरी इतक्या सपाट पुळणीवर ते आडवं किती पावलं आत येतं, याचा हिशेब पाऊणपटीत नसतो. पाऊणपट वेळ सांगते, उंची सांगत नाही.

उजाडल्यावर ते आम्हाला जवळच्या एका घरी घेऊन गेले. खळ्यात दोरी बांधून सगळं वाळत टाकलं, त्या काकूंनी चहा आणि घावन दिलं. लेकीने आजीला विचारलं, जरा रागानेच, की तुला हे रात्रीच्या पाण्याचं माहीत नव्हतं? तू तर इथली ना?

आई घावन मोडत होत्या. "आम्हाला होडीची वेळ हवी असायची. पुळणीवर रात्री झोपायला कोण जात होतं? घरं काय कमी होती?"

काकू पलीकडून हसल्या, अगदी मोठ्याने. खरंच, त्या घराचंही तोंड रस्त्याकडे होतं. समुद्राकडे मागचं दार, त्यापुढे वाडी, वाडीला गडगा, मग सुरू, मग वाळू.

विजयदुर्ग, कुणकेश्वर, रेडी राहिलं. राजापूरला येऊन अणुस्कुरा घाटाने वर चढलो. राजापुरात रेंज आली तसं नवऱ्याने ते ॲप उघडलं. चतुर्दशीच्या पानावर दोन भरत्या होत्या, दोन्हींच्या वेळा बरोबर, आणि वेळेपुढे मीटरमध्ये उंची. रात्रीचा आकडा सकाळच्यापेक्षा मोठा. पाच दिवस खिशात होतं ते. त्याने फोन माझ्याकडे दिला, मी मागे लेकीकडे दिला. तिने वहीतल्या तक्त्याला आणखी एक रकाना पाडायला घेतला, पण घाट सुरू झाला आणि तिला मळमळायला लागलं.